शस्त्र होते, म्हणून गोळी योग्य? भागोजी नाईक, नांदूर शिंगोटे आणि न्यायाचे चार प्रश्न

१/ एखादा माणूस पोलिसांच्या गोळीने मरतो आणि त्याच्याजवळ शस्त्र सापडते. पंचनाम्याची शाई वाळण्याआधीच लोकांचा निकाल लागलेला असतो : "शस्त्र होते ना? मग विषय संपला." शस्त्र परवान्याचे होते का, ते हातात होते की कमरेला, त्याने ते कोणावर रोखले होते का, गोळीपूर्वी त्याच्याशी कोणी बोलले का, असे विचारणारा गुन्हेगारांचा कैवारी ठरतो. हा उतावळा निकाल आजचा नाही. प्रवरेच्या खोऱ्यात तो सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वीही लागला होता आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो अजून तसाच उभा आहे. हा थ्रेड त्या निकालाविरुद्ध आहे.

२/ देवळाली प्रवरा ज्या राहुरी तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे नाव १८५७ च्या नोंदींत येते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पाथरजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याने राहुरी भागात सुमारे शंभर माणसे उभी केली. नवे पोलीस सुपरिंटेंडंट माँटगोमेरी यांनी तो जमाव लवकरच पांगवला. 'नवे' सुपरिंटेंडंट, कारण जुना अधिकारी नुकताच मारला गेला होता. राहुरीत पेटलेली ठिणगी वायव्येकडून, सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथून आली होती. तेव्हा नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १८६९ मध्ये झाला. म्हणून सिन्नरचा बंदोबस्तही अहमदनगरच्याच पोलिसांकडे होता.

३/ नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक हे या प्रकरणातील मुख्य नाव. त्यांची ओळख बहुतेकांना 'भिल्लांच्या उठावाचे नेते' एवढीच असते. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. भागोजी नाईक स्वतः अहमदनगर पोलिसांत अधिकारी होते. सरकारनेच त्यांच्या हाती शस्त्र दिले होते आणि त्या शस्त्रानिशी उभे राहण्याचा पगार दिला होता.

४/ यात नवल काही नव्हते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर गावाची, घाटाची आणि वाटेची राखण भिल्ल, कोळी, रामोशी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. चोरी झाली की माग काढणे, घाटातून माल सुखरूप पोचवणे, रात्री गस्त घालणे ही त्यांची कामे, आणि या कामांबद्दल त्यांचे ठरलेले हक्क. तीरकमठा, तलवार, तोड्याची बंदूक ही त्या कामाची अवजारे होती, जशी सुताराची वाकस किंवा शेतकऱ्याचा नांगर. १८१८ नंतर कंपनी सरकारने ही व्यवस्था काही ठिकाणी मोडली आणि काही ठिकाणी आपल्या पोलिसांत सामावून घेतली. भागोजी नाईक त्या दुसऱ्या वाटेने सरकारी नोकरीत आलेल्यांपैकी होते.

५/ १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून त्यांना शिक्षा झाली. ती त्यांनी भोगली. सुटकेनंतर एक वर्ष चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याची अट होती, ती मुदतही पार पडली. कायद्याचा जो काही हिशेब त्यांच्या नावावर होता, तो १८५७ पर्यंत चुकता झाला होता. त्यानंतर सार्वत्रिक निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला. उत्तरेत बंड पेटले होते आणि सरकारला प्रत्येक घरातील शस्त्राची धास्ती वाटत होती. शस्त्रे बाळगण्यावर आणि विकण्यावर नियंत्रण आणणारा १८५७ चा अट्ठाविसावा कायदाही त्याच वर्षीचा.

६/ या हुकुमाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. काल जी वस्तू बाळगणे हा हक्क होता, किंबहुना काहींच्या बाबतीत कर्तव्य होते, ती आज बाळगणे हा अपराध झाला. माणूस तोच, शस्त्र तेच, घर तेच. बदलला तो कागद. असा कागद काढण्याचा अधिकार सत्तेला असतो, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो : कागद बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शस्त्रानिशी उभ्या असलेल्या माणसाकडे सत्तेने कसे जावे? हाती काय घेऊन जावे : नोटीस, निरोप की बंदूक?

७/ हुकूम आल्यावर भागोजी नाईक यांनी गाव सोडले. त्यांच्या शब्दाला वजन होते. पन्नासेक भिल्ल त्यांना येऊन मिळाले आणि गावापासून सुमारे एका मैलावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेच्या टप्प्यात येईल अशा जागी त्यांनी ठाण मांडले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हा वृत्तांत आहे. गॅझेटियर सरकारचे, त्याचे लेखक सरकारी, त्यांची सहानुभूती उघडपणे पोलिसांकडे. तरीही गाव सोडणे आणि टेकडीवर बसणे या दोन घटनांच्या मध्ये त्यात लूट नाही, खून नाही, जाळपोळ नाही.

८/ ४ ऑक्टोबर १८५७. पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्याला पोचला. त्याचा सहायक लेफ्टनंट थॅचर आणि टपाल खात्याचा निरीक्षक टेलर हे त्याला येऊन मिळाले. सोबत तीस शिपाई आणि तलवारी बांधलेले महसूल खात्याचे वीस चपराशी. म्हणजे संख्येने दोन्ही बाजू जवळपास सारख्या. भागोजी नाईक यांच्याशी बोलणे झाले. त्यांनी शरण येण्याच्या दोन अटी घातल्या : दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढच्या उदरनिर्वाहाची काही सोय व्हावी.

९/ इथे क्षणभर थांबले पाहिजे. टेकडीवरचा 'बंडखोर' दिल्लीच्या बादशहाचे नाव घेत नव्हता, फिरंग्यांना समुद्रात बुडवण्याची भाषा करत नव्हता. तो थकबाकी मागत होता. मागणी वाजवी होती की अवाजवी, तुरुंगवासाच्या काळाचा पगार मागता येतो की नाही, यावर कारकुनांनी महिनाभर वाद घालावा अशी ती बाब होती. शस्त्र हाती असलेला पण वाटाघाटीला तयार असलेला, सरकारचाच एक जुना नोकर : त्या सकाळी हेन्रीसमोर असलेले वास्तव हे होते.

१०/ उत्तर मिळताच हेन्रीने आपल्या माणसांना चालून जाण्याचा हुकूम दिला. चकमक झाली. हेन्री जखमी झाला, तरी पुढे जात राहिला आणि अखेर भागोजी नाईक यांच्या गोळीने कोसळला. पोलिसांनी हल्ला चालू ठेवला आणि भिल्ल मागे हटले. सकाळी जो थकबाकीचा वाद होता, तो संध्याकाळी युद्ध झाला.

११/ त्या हुकुमाची किंमत पुढची दोन वर्षे सगळ्या मुलखाने मोजली. राहुरीत पाथरजी नाईक उठले. १८ ऑक्टोबरला अकोले भागातील समशेरपूरच्या डोंगरात कर्नल मॅकनच्या तुकडीशी लढाई झाली. जानेवारी १८५८ मध्ये नांदगावजवळ मांडवड येथे भिल्लांशी झालेल्या लढाईत इंग्रजांची मोठी हानी झाली. डोंगरातल्या या लढाईसाठी कॅप्टन नटॉलच्या हाताखाली खास कोळी पलटण उभारावी लागली. जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळच्या अंभोरे दऱ्यात भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला. ऑक्टोबर १८५९ मध्ये भागोजींनी कोपरगाव तालुक्यातील कोऱ्हाळे लुटले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे फ्रँक सूटरच्या पोलिसांनी त्यांना गाठले. भागोजी नाईक आणि त्यांचे अनेक साथीदार तेथे पडले. सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

१२/ आता प्रश्न असा : ४ ऑक्टोबरच्या त्या हुकुमाचा न्याय कसा करायचा? सरकारी वृत्तांताने तो केलेलाच आहे आणि त्यासाठी एकही विशेषण वापरलेले नाही, केवळ क्रम लावला आहे. भागोजींचा प्रवेश होताच पहिल्याच वाक्यात १८५५ ची शिक्षा येते. वाचकाला माणूस भेटण्याआधी गुन्हेगार भेटतो. पुढे जे काही घडते ते त्या शिक्षेच्या सावलीत घडते. ही युक्ती पुरातन वाटत असेल तर कोणत्याही चकमकीनंतरची बातमी काढून पाहावी : मृताचे नाव आणि 'त्याच्यावर इतके गुन्हे दाखल होते' हे एकाच वाक्यात असते.

१३/ मागील गुन्हा हा पुरावा कशाचा? फार तर पोलिसांनी सावध असावे, याचा. समोरच्या माणसाने या क्षणी काय केले, याचा तो पुरावा नव्हे. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा रस्त्यात शिक्षा देता येत नाही. न्यायालयाने ठरवलेली मुदत संपल्यावर पोलिसाने आपल्या बंदुकीने ती वाढवायची, असे मानले तर न्यायालये बंद करून पैसे वाचवावेत, हे उत्तम.

१४/ दुसरी युक्ती याहून फसवी आहे : नंतरच्या कृत्यांनी आधीच्या निर्णयाचे समर्थन. "भागोजींनी कोऱ्हाळे लुटले, दोन वर्षे धुमाकूळ घातला, म्हणजे हेन्रीचा अंदाज बरोबरच होता." कोऱ्हाळे लुटले गेले ऑक्टोबर १८५९ मध्ये. हेन्रीने हुकूम दिला ऑक्टोबर १८५७ मध्ये. मधल्या दोन वर्षांत जे घडले ते त्या हुकुमामुळे घडले की हुकुमाशिवायही घडले असते, हाच तर वाद आहे. वादाचा विषयच पुरावा म्हणून पुढे करणे याला तर्क म्हणत नाहीत. ज्याने घराला आग लावली त्यानेच जळके घर दाखवून "पाहा, हे घर ज्वालाग्राही होते" असे सांगण्याचा हा प्रकार आहे.

१५/ तिसरी युक्ती खुद्द शस्त्राची. "तो सशस्त्र होता" हे तीन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोखलेली बंदूक उभी राहते. पण शस्त्र असणे, शस्त्र हाती घेणे, शस्त्र रोखणे आणि शस्त्र चालवणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. कायदा त्या वेगळ्या मानतो, सामान्य व्यवहारही वेगळ्या मानतो. लग्नाच्या मिरवणुकीत तलवार घेतलेला नवरदेव आणि वाटमारीत तलवार उपसलेला दरोडेखोर यांत कोणी गल्लत करत नाही. गोळी पोलिसाची असली की मात्र ही गल्लत राष्ट्रीय कर्तव्य होऊन बसते.

१६/ तिन्ही युक्त्या बाजूला ठेवल्या की चार प्रश्न उरतात. एक : गोळी किंवा हल्ल्याचा हुकूम सुटला त्या क्षणी समोरच्याकडून कोणाच्या जिवाला तत्काळ धोका होता का? दोन : त्या क्षणापर्यंत प्रकरण कोणी आणले? तीन : दुसरी वाट उपलब्ध होती का, आणि ती वापरून पाहिली का? चार : घटनेची हकिकत कोण सांगतो आहे, आणि जो मेला त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा कोणता? शस्त्र कायदेशीर होते की नाही, हा प्रश्न यांच्या आधी येतो. ते कायदेशीर असेल, तर केवळ त्याच्या अस्तित्वाला धोका मानण्याचा पोलिसाचा अधिकार तिथेच संपतो.

१७/ हेन्रीला हे प्रश्न लावताना त्याच्यावर अन्याय होता कामा नये. साल १८५७ होते. दिल्ली इंग्रजांच्या हाती परत येऊन दोनच आठवडे झाले होते. मोक्याच्या रस्त्यावर पन्नास सशस्त्र माणसे जमलेली आहेत हे पाहून कोणत्याही अधिकाऱ्याला घाम फुटला असता. पहिली गोळी टेकडीवरून सुटली असे धरले, तर गोळी सुटल्यानंतर आपला जीव वाचवण्याचा हेन्रीच्या शिपायांचा हक्कही निर्विवाद आहे. ते शिपाईही याच मातीतले होते. घरी त्यांचीही वाट पाहणारे कोणी होते.

१८/ पण चार प्रश्नांपैकी दुसरा आणि तिसरा इथेच हेन्रीला गाठतात. टेकडीवरून कोणी गावावर चालून आले नव्हते. पोलीस टेकडीवर चालून गेले होते. रस्ता रोखून धरणे, मामलेदारांकरवी बोलणी लांबवणे, थकबाकीची मागणी वरिष्ठांकडे पाठवणे, कुमक मागवणे, यांतील प्रत्येक वाट खुली होती. धोका आपणच निर्माण करायचा आणि मग त्या धोक्याच्या नावाने गोळी झाडायची, हे स्वसंरक्षण नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क शेवटच्या क्षणाला मिळतो. तो क्षण ओढवून आणल्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. ती जबाबदारी हेन्रीची होती आणि तिची पहिली किंमत त्याने स्वतःच्या प्राणांनी चुकवली, हे दुःखद आहे. पण त्याच्या मृत्यूने हुकूम शहाणपणाचा ठरत नाही.

१९/ येथे नेहमीचा आक्षेप येतो : "पोलिसाला क्षणार्धात ठरवावे लागते, खुर्चीत बसून शहाणपण सोपे असते." आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या खटल्यात हीच कसोटी घालून दिली : नंतर कळलेल्या गोष्टींवरून नव्हे, तर त्या जागी असलेल्या समंजस पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीने बळाचा न्याय करावा. कसोटी योग्य आहे. मात्र ती दुधारी आहे. नंतर कळलेल्या गोष्टी पोलिसाविरुद्ध वापरायच्या नसतील, तर त्या पोलिसाच्या बाजूनेही वापरता येणार नाहीत. आणि नांदूर शिंगोट्याला क्षणार्धाचा प्रश्नच नव्हता. मागणी ऐकायला वेळ होता, म्हणजे विचार करायलाही वेळ होता.

२०/ त्याच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ६ जुलै २०१६ रोजी फिलँडो कॅस्टील या तरुणाची मोटार पोलिसाने थांबवली. त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि ते बाळगण्याचा रीतसर परवानाही होता. त्याने स्वतःहून, शांतपणे पोलिसाला सांगितले की आपल्याजवळ शस्त्र आहे. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची जोडीदार होती आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. जून २०१७ मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. शस्त्र बाळगण्याचा हक्क ज्या देशाच्या संविधानात लिहिलेला आहे, तिथे कायदा पाळून शस्त्राची माहिती देणे हेच मृत्यूचे कारण झाले. 'सशस्त्र म्हणजे धोका' हे समीकरण एकदा मनात बसले की परवान्याचा कागद कोणालाही वाचवत नाही.

२१/ भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, आणि हे विचारपूर्वक ठरले आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याच्या जोखडात अडकवले आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान राष्ट्रीय चळवळ विसरली नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सत्तेविरुद्धची मागणी स्वतंत्र देशात प्रत्येकाचा अनिर्बंध हक्क होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून आज शस्त्र मिळते ते १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्याने.

२२/ याचा परिणाम पुष्कळांना उलटा वाटतो. "हक्क नाही, केवळ सवलत आहे, मग तक्रार कसली?" नेमके उलट आहे. जिथे शस्त्र हा हक्क असतो तिथे ते कोणाकडे आहे हे सरकारला ठाऊक असेलच असे नाही. इथे सरकार अर्जदाराची चौकशी करते, पोलिसांचा अहवाल मागवते, शस्त्राचा क्रमांक नोंदवते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. राहुरी-संगमनेरच्या पट्ट्यात उसाच्या मळ्यावर वस्ती करून राहणारा एखादा परवानाधारक शेतकरी दर निवडणुकीला ही रांग ओळखतो. ज्याला राज्याने इतके पारखून शस्त्र दिले, त्याच्याबद्दल 'शस्त्र दिसले म्हणून घाबरलो' असे सांगण्याची मुभा राज्याच्या नोकराला इतरांपेक्षा कमी असली पाहिजे.

२३/ शस्त्र घेतलेला माणूस भेटल्यास पोलिसाने काय करावे, हे त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलेले आहे. परवाना दाखवायला सांगावे. तो दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारावा, गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घ्यावे. नाव-पत्ता देण्यास नकार दिला, खोटा दिल्याचा संशय आला किंवा पळून जाण्याची शक्यता वाटली, तर अटक करावी. कायद्याने बांधलेल्या या पायऱ्या आहेत. त्यांत गोळी ही पायरी नाही. अटकेसंबंधीचा नियमही १८९८ च्या फौजदारी संहितेपासून आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेपर्यंत टिकून आहे : ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार पोलिसाला नाही. उरतो तो स्वसंरक्षणाचा हक्क. तो पोलिसाला आहे, तुम्हा-आम्हा सर्वांना आहे, आणि गरजेपेक्षा अधिक बळ वापरण्याची परवानगी तो कोणालाच देत नाही.

२४/ चौथ्या प्रश्नाचे, म्हणजे हकिकत कोण सांगतो याचे, महत्त्व दिल्लीने दाखवले. ३१ मार्च १९९७ रोजी कॅनॉट प्लेसजवळ गुन्हे शाखेच्या पोलिसांनी एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. दोन व्यावसायिक मेले, तिसरा जखमी झाला. पोलीस एका गुंडाच्या मागावर होते आणि भलत्यांनाच मारून बसले होते. हकिकत काय सांगितली? मोटारीतून आधी गोळीबार झाला. पुरावा म्हणून गाडीत पिस्तूलही 'सापडले'. ते नंतर ठेवलेले होते, हे न्यायालयात सिद्ध झाले. दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 'सशस्त्र होता' या शब्दांत एवढी ताकद आहे, म्हणूनच निःशस्त्रांच्या गाडीत पिस्तूल ठेवण्याचा मोह होतो. समाज जर त्या शब्दांवर निकाल देणे थांबवील, तर ते पिस्तूल ठेवण्यात काही लाभच उरणार नाही.

२५/ महाराष्ट्राचा अनुभवही याच दिशेचा आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्यावरील याचिका उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात नियम घालून दिले गेले. प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवावा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याने करावा. दंडाधिकारी चौकशी व्हावी. पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत. घटनेपाठोपाठ बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. या नियमांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : गोळी झाडणाऱ्याने स्वतःच्या गोळीचा न्यायाधीश होऊ नये. १८५७ मध्ये असा नियम नव्हता. आज आहे, आणि तो अडगळ वाटणाऱ्यांची संख्या लहान नाही.

२६/ दुसऱ्या छावणीलाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. पोलिसांच्या गोळीने मेलेला प्रत्येकजण हुतात्मा, असे मानणारेही हेच प्रश्न टाळतात. मिठसागऱ्याचा न्याय नांदूर शिंगोट्यासारखा होणार नाही. १८५९ मधील भागोजी नाईक उघड युद्धात होते आणि कोऱ्हाळ्याच्या लुटीची झळ ज्यांना बसली ती याच मुलखातील माणसे होती. त्यांना देव्हाऱ्यात बसवताना थकलेल्या पगाराची मागणी अनेकांना क्षुल्लक वाटते, म्हणून गाळली जाते. परंतु तीच मागणी सत्तेला सर्वांत अडचणीची आहे. क्रांतीच्या घोषणेला गोळीने उत्तर देणारे राज्य निदान समजू शकते. हिशेबाच्या मागणीला चढाईने उत्तर देणाऱ्या राज्याचे समर्थन कोणत्या तोंडाने करायचे?

२७/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांवर म्हणून एक जबाबदारी येते. सिन्नर, अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्याच्या १८५७ विषयी लिहिताना 'टोळी', 'बंदोबस्त', 'चकमक' हे सरकारी दप्तरातले शब्द तपासल्याशिवाय उचलू नयेत. तारखांचा क्रम स्वतः लावावा. चढाई कोणी कोणावर केली, बोलणी कोणत्या टप्प्यावर तुटली, मागणी काय होती, हे आधी लिहावे. पदवी मागाहून द्यावी, द्यायचीच असेल तर.

२८/ आणि उद्या कोणत्याही गावात, कोणत्याही देशात, परवान्याचे शस्त्र बाळगणारा एखादा माणूस पोलिसांच्या गोळीने पडल्याची बातमी आली, तर 'शस्त्र होते ना?' हे वाक्य पुढे पाठवण्याआधी हाच क्रम तिथेही लावावा. पोलीस निर्दोष असेल तर या चार प्रश्नांतून तो निर्दोषच बाहेर पडेल, त्याचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते केवळ त्यांचे, ज्यांना प्रश्नच नको आहेत. नांदूर शिंगोट्याला ४ ऑक्टोबर १८५७ च्या सकाळी ते कोणी विचारले असते, तर कदाचित हेन्री आणि भागोजी नाईक हे दोघेही त्या संध्याकाळी जिवंत असते आणि एकमेकांशी दोन वर्षांच्या पगारावरून हुज्जत घालत असते.

२८/२८